पहिल्या ओळीतला हात

सोमवार, २७ जानेवारी २०२५

चि. वैजयंती,
सप्रेम जय भीम.

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. तूर काढून झाली, हरभरा घाट्यांवर आलाय. तुझ्या वहिनीचे गुडघे कुरकुरतात, जीभ मात्र ठणठणीत आहे.

खरी बातमी तुझ्या भाचीची. काल ग्रामसभेत आपल्या साक्षीने नानाजींना हरवलं. बारा वर्षांपूर्वी तू अभ्यासिकेसाठी मागितलेली खोली गावाने त्यांच्या खताच्या गोदामाला दिली होती ना, तिचाच करार वाढवायचा होता.

नानाजींची रीत तुला ठाऊक आहे. पहिल्या ओळीत त्यांची तीन माणसं. ठराव वाचला की त्यांचे हात वर, ते पाहून मागच्यांचे. साक्षी म्हणाली, "बाबा, लोकं ठराव पाहून हात वर करत नाई, शेजारच्याचा हात पाहून करतेत." आठवडाभर घरोघरी फिरून तिने सात बाया तयार केल्या आणि सभेत त्यांना एकत्र बसू दिलं नाही. दर कोपऱ्यात एकदोघी. "इरोधात कोन हाये?" नानाजींनी हसत विचारलं. आधी त्या सातांतल्या गोजराबाईचा हात वर गेला, मग चारी बाजूंनी, मग शेजारणींचे, मग त्यांच्या नवऱ्यांचे. माझी पोर आहे ती. मला तर सदऱ्याची बटणं सांभाळावी लागली.

मी कुठे बसलो होतो, हे तू विचारशीलच. पहिल्या ओळीत. बारा वर्षांपूर्वी होतो तिथेच. तू विरोधात उभी राहिलेली मला दिसली नाहीस, असं तेव्हा तुला सांगितलं. ते खोटं होतं. तू माझ्याकडेच पाहत होतीस. आपल्या वस्तीतून त्या ओळीत खुर्ची मिळालेला मी पहिला, मला तिचं फार अप्रूप होतं. मी हात वर केला.

कालही ठराव वाचल्यावर तो सवयीने वर गेला. साक्षी नुसती पाहत राहिली, अगदी तुझ्यासारखी. मी हात खाली घेतला.

"काहून गा पुंजाजी, हात दुखून राह्यला का?" नानाजींनी विचारलं.

"बारा वर्सं दुखत होता. आता बरा हाये."

मग गोजराबाईच्या पाठोपाठ तोच हात वर केला.

चौदा एप्रिलला खोलीचं कुलूप उघडायचं आहे. साक्षी म्हणते, आत्याच्याच हातानं. किल्ली मी जपून ठेवली आहे. माझ्याशी बोलली नाहीस तरी चालेल, पण ये.

तुझा, हात खाली घ्यायला बारा वर्षं लावलेला,
पुंजाजीदादा