पाढा थांबला की

मळा, निपाणी
१९ ऑगस्ट १९७६

॥ श्री ॥

ती. पद्माक्कास, धाकट्या शालनचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पंचमीच्या आधीच आलं होतं. उत्तराला उशीर झाला म्हणून रागावू नकोस. हातात पेन धरायला धीर होत नव्हता.

आमच्या राजमतीला परत फिट आली. आजवर घरात यायची, ह्या खेपेला शाळेत आली, प्रार्थनेच्या रांगेत, सगळ्यांच्या देखत. बाईंनी नाकाला चप्पल लावली, पोरं ओरडत पळाली. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी ह्यांना बोलावून घेतलं आणि गोड बोलून सांगितलं की बरी होईपर्यंत मुलीला घरीच ठेवा, बाकीचे पालक आपली पोरं काढून घेतो म्हणतात. बरी कधी होणार हे त्यांनी सांगितलं नाही. बेळगावचे डॉक्टरही सांगत नाहीत. गोळी चुकवू नका, एवढंच म्हणतात.

नुकती पाचवीत गेली होती गं. सकाळी पोरी दप्तरं घेऊन बांधावरून जातात, ही उंबऱ्यात बसून बघते. रडत नाही, त्याचंच मला जास्त भय वाटतं. सासूबाई अमावस्येला तिला स्तवनिधीला देवाच्या पाया पडायला घेऊन गेल्या होत्या, पुढच्या अमावस्येलाही नेणार आहेत. त्यांचं म्हणणं, पोरीच्या जातीला लई शिकून काय करायचं हाय, आधी जीव सांभाळा. जीव सांभाळायचा तर कसा? चूल आहे, विहीर आहे, पाटाचं पाणी आहे. पूर्वी ह्या घरात मला कशाचीच भीती वाटत नव्हती. आता सगळ्याचीच वाटते.

आक्का, तू शिक्षिका आहेस म्हणून विचारते. तिला घरीच शिकवता येईल का? मी सातवी पास, आणि तीही तुझ्या वह्या बघून, हे तुला ठाऊक आहेच. पण ती अशी उंबऱ्यात बसून राहिली तर तिचं काय होईल, ह्या विचारानं जेवण जात नाही.

दाजींना नमस्कार. माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी,
शालन

*

शहापूर, बेळगाव
२ सप्टेंबर १९७६

चि. सौ. शालनला पद्मावतीचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दाजींना मोठ्यानं वाचून दाखवलं. मग दाजीच उठले आणि माळ्यावरची पुस्तकं काढायला लागले. पाचवीची सगळी पुस्तकं, एक नकाशा आणि पाटी त्यांच्या ओळखीच्या तंबाखू व्यापाऱ्याबरोबर पाठवली आहे. व्यापाऱ्याला चहा दे, माणूस चांगला आहे, फक्त बोलतो फार.

घरी शिकवता येईल का म्हणतेस, तर येईल. मात्र एक ऐक. शाळा उचलून घरात आणू नकोस. घंटा लागत नाही, रांग लागत नाही, छडी तर नाहीच नाही. सकाळी डोकं ताजं असतं तेव्हा गणित आणि लेखन. दुपारी तिला मोठ्यानं वाचू दे, तू भाकरी थापत ऐक. चुकली तर लगेच टोकू नकोस, वाक्य पुरं होऊ दे. बाकी शाळा मळ्यातच आहे. तंबाखूचा शेंडा का खुडतात, पाटाचं पाणी कुठून येतं, हे तिनं आपल्या अण्णांना, पद्मराजांना, विचारावं आणि चार ओळींत लिहून मला पाठवावं. तपासून मी परत पाठवीन.

कडोलीच्या एक मालुबाई आहेत. मुलगा पोलिओनं बसलेला, त्याला त्या कधीपासून घरीच शिकवतात. तुझं सांगितलं तर म्हणाल्या, तिला म्हणावं मी पण पहिलं वर्ष रडण्यातच घालवलं, तिनं घालवू नये. त्या तुला कार्ड टाकतील.

फिट आली की काय करायचं ते डॉक्टरांना विचारून लिहिते. कुशीवर वळवायचं, आजूबाजूचं लागेल असं काही बाजूला करायचं, पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत जवळ बसायचं. चप्पल नाही, कांदा नाही, तोंडात काही घालायचं नाही. फार वेळ थांबली नाही तर सरळ दवाखाना. हे घरातल्या सगळ्यांना सांग, शेजाऱ्यांनाही सांग.

भीती जाईल आणि मग शिकवीन असं म्हणू नकोस. ती जायची नाही. तिच्यासकट शिकवायला बस.

राजमतीला पापा. आशीर्वाद आहेतच, मागायला लागत नाहीत.

तुझी आक्का,
पद्मावती

*

मळा, निपाणी
११ जानेवारी १९७८

ती. आक्कास, शालनचा नमस्कार वि. वि.

सहावीच्या वह्या तपासून आल्या. तू तिच्या निबंधाला शेरा दिलास की पद्मराजांपेक्षा पोरीला शेती जास्त कळते, तो ह्यांनी जेवताना दोनदा वाचायला लावला.

मालुबाईंची कार्डं येत असतात. मध्ये मला अपूर्णांक शिकवता येईनात म्हणून मी रडकुंडीला आले होते. त्यांनी लिहिलं की भाकरी कापा आणि शिकवून झालं की खाऊन टाका. तसंच केलं. आणखी एक गंमत. कन्नड शिकवायचं कुणी, हा प्रश्न होता. मला बाजारापुरतं येतं. एक दिवस राजमती कन्नडचं पुस्तक चुकत चुकत वाचत होती, तेव्हा सासूबाई बाहेरच्या सोप्यातून म्हणाल्या की तसं न्हाय गं, जीभ आत घे. त्या चिकोडीकडच्या, लहानपणी कन्नड शाळेत दोन इयत्ता गेलेल्या. आता रोज दुपारी दोघी बसतात. लई शिकून काय करायचं, हे मात्र अजून म्हणतातच.

हे झालं बरं ते. आता दुसरं.

दिवाळीनंतर राजमती चुलीपाशी बसली होती. मी पाणी आणायला परसात गेले, तेवढ्यात फिट आली. हात निखाऱ्यावर पडला. उजवा हात, आक्का. डाव्यानं लिहायला शिकते म्हणते आणि हसते. जखम आता भरलीय, पण मी तिला चुलीकडे जाऊ देत नाही, विहिरीकडे नाही, माळ्यावर नाही. रात्री तिच्या अंगावर हात ठेवून झोपते. तिनं कूस बदलली तरी मला जाग येते.

शेजारच्या जयाबाईंनी विचारलं की पोरगी शाळेत का जात न्हाय. मी सांगितलं, डोळे दुखतात, डॉक्टरांनी उन्हात जायला मनाई केलीय. तू सांग म्हणालीस, मी नाही सांगितलं. जयाबाईंचं माहेर मोठं आहे, आपल्या समाजात त्यांची ऊठबस आहे. आज त्यांना कळलं तर उद्या चिकोडीपर्यंत कळेल, आणि चार वर्षांनी आमच्या दारात कोण येईल? तू शहरात राहतेस, तुला हे कळायचं नाही, असं मी मनातल्या मनात तुझ्याशी भांडते.

भांडले तरी तुझीच आहे, विसरू नकोस.

शालन

*

मळा, निपाणी
२४ सप्टेंबर १९७८

ती. मावशीस, राजमतीचा शि. सा. नमस्कार.

हे पत्र मी अण्णांकडून परस्पर पोस्टात टाकते आहे. आईनं वाचलेलं नाही. त्यात आईविरुद्ध काही नाही, पण तिला तसं वाटेल.

सातवीचं गणित निम्मं झालं. कन्नडमध्ये आजीनं मला पास केलं आहे, पण आजी सगळ्यांनाच पास करते. इतिहास मला आवडतो. भूगोलात मी बेळगाव जिल्ह्याचा नकाशा न बघता काढते, पण त्यातलं बेळगाव मी फक्त दवाखान्यापुरतं बघितलं आहे.

मावशी, मला फिट महिन्यातून एकदा येते, कधी तेवढीही नाही. आईला रोज येते. म्हणजे मला येईल अशी भीती तिला रोज येते. मी अंघोळीला गेले की दाराबाहेर उभी राहते आणि मला मोठ्यानं पाढे म्हणायला लावते. पाढा थांबला की दार ढकलते. परवा मला एकोणतीसचा पाढा आठवेना म्हणून मी थांबले, तर आई आत आली आणि मला चाचपून बघायला लागली. मीच तिला धरून बसवलं. म्हणून आता मी विसरले तरी काहीतरी आकडे म्हणत राहते.

जयाबाईंची नात घरी आली होती. तिनं विचारलं, डोळे दुखतात तर तू वाचतेस कशी? मी पुस्तक मिटून आत गेले. ती परत आली नाही.

तुम्ही एकदा लिहिलं होतं की सातवीची परीक्षा चिकोडीला बाहेरून देता येते. मला द्यायची आहे. मी शिकले ते खरंच शिकले का, हे आई आणि आजी सोडून दुसऱ्या कुणीतरी सांगावं असं मला वाटतं. आईला तुम्ही सांगाल का? मी सांगितलं तर ती नाही म्हणत नाही, नुसती बघते.

काकांना नमस्कार. लहान समजून चुकलं ते पोटात घाला.

आपली,
राजमती

*

शहापूर, बेळगाव
६ ऑक्टोबर १९७८

चि. सौ. शालनला आशीर्वाद.

हे पत्र छोटं आहे, कारण लांबवलं तर मी मऊ पडेन.

राजमतीला सातवीला बसव. परवानगीचं कसं करायचं ते मी इथं विचारलं आहे, पद्मराजांनी चिकोडीच्या शिक्षण कचेरीत एकदा जाऊन यावं. मुलगी तयार आहे. तिच्या वह्या मी दोन वर्षं बघते आहे, माझ्या वर्गात अशा फार मुली नाहीत.

परीक्षेत फिट येईल, असं तू म्हणशील. येऊ शकते. सगळ्यांना कळेल, असंही म्हणशील. कळेल. पण शालन, तू तिला वाचायला शिकवलंस, हिशेब शिकवलास, आणि वर हेही शिकवते आहेस की तिच्यात लपवण्यासारखं काहीतरी आहे. मुलं हे सगळ्यात आधी शिकतात.

मी तुझ्याशी कठोर बोलले असं वाटलं तर शिमग्याला येऊन भांडून जा. तोवर आशीर्वाद घे.

आक्का

*

मळा, निपाणी
१८ एप्रिल १९७९

ती. आक्कास, शालनचा सा. न. वि. वि.

परीक्षा झाली. काय झालं ते सरळ लिहिते.

चिकोडीला सासूबाईंच्या भाच्याकडे उतरलो होतो. सासूबाई हट्टानं बरोबर आल्या. मराठीचा आणि कन्नडचा पेपर नीट गेला. मी शाळेच्या फाटकाबाहेर झाडाखाली बसून असायची. आतून बाक सरकल्याचा आवाज आला तरी मी उठून उभी राहायची, फाटकावरचा शिपाई हसायचा.

गणिताच्या दिवशी तसाच बाकाचा आवाज आला आणि मग पोरींचा गलका. मला कळलं. मी फाटकाकडे धावले, शिपायानं अडवलं, पेपर चालू असताना कुणाला सोडता येत न्हाय म्हणाला. मी त्याचे पाय धरले, आक्का. सासूबाईंनी मला मागं ओढलं. पुढचा वेळ कसा गेला ते मला आठवत नाही. सासूबाई म्हणतात, मी पाढे म्हणत होते.

घंटा झाली आणि राजमती स्वतःच्या पायांनी बाहेर आली. कपाळाला खोक होती, वेणी सुटलेली. तिच्यामागून पर्यवेक्षक बाई आल्या. मी वाट बघत होते की त्या आता बोलतील, फसवून बसवलीत म्हणून. पण त्यांनी मला भलतंच सांगितलं.

पहिल्या दिवशी पेपर वाटायच्या आधी राजमती उभी राहिली होती म्हणे. सगळ्या वर्गाला तिनं सांगितलं की मला फिट येते, मी पडले तर घाबरू नका, मला कुशीवर वळवा, बाक बाजूला करा, नाकाला चप्पल लावू नका, मी आपोआप उठते. एवढं सांगून खाली बसली. आणि गणिताच्या दिवशी ती पडली तेव्हा शेजारच्या बाकावरच्या दोघी पोरींनी तसंच केलं, एकीनं आपली ओढणी तिच्या डोक्याखाली घातली. बाईंनाच काय करावं सुचलं नव्हतं, असं त्या स्वतः म्हणाल्या. शुद्धीवर आल्यावर तिनं पाणी मागितलं आणि पेपर मागितला. दोन गणितं राहिली.

अडीच वर्षं मी जे जयाबाईंपासून झाकलं, ते पोरीनं अनोळखी गावात भरल्या वर्गात उभं राहून सांगितलं, आणि मला त्याचा पत्ता नव्हता. मी तिला विचारलं की तुला भीती नाही वाटली का. म्हणाली, लई वाटली, म्हणून बाकाला धरून बोलले.

आता निपाणीत सगळ्यांना कळलं आहे. जयाबाई आल्या होत्या. मी तोंड लपवून आत गेले, तर सासूबाई त्यांच्यासमोर बसून ठणकावून सांगत होत्या की नातीला फिट येते, आणि कन्नड तुमच्या नातीपेक्षा चांगलं येतं. जयाबाई चहा घेऊन गेल्या. लग्नाचं वगैरे काही बोलल्या नाहीत, पण त्यांच्या नजरेत होतं. ते भय आहेच. ते मी खोटं सांगणार नाही.

निकाल काय लागेल तो लागो. तू पाठीशी आहेस तेवढं पुरे.

शालन

*

मळा, निपाणी
११ जून १९७९

ती. आक्कास, शालनचा नमस्कार वि. वि.

राजमती गणितात जेमतेम सुटली, कन्नडमध्ये रोज शाळेत जाणाऱ्या पोरींएवढे गुण पडले. सासूबाईंनी गावात पेढे वाटले आणि प्रत्येकाला सांगितलं की कन्नड मी शिकवलं.

आठवीसाठी तिला तुझ्याकडे ठेवून घेते म्हणालीस, तुमच्या बाजूच्या हायस्कुलातल्या मुख्याध्यापिकांना तू सगळं आधीच सांगितलंस आणि त्या हो म्हणाल्या, हे वाचून ह्यांनी पत्र घडी करून खिशात ठेवलं. मग म्हणाले, जाऊ दे. तिसऱ्या दिवशी मी तिची ट्रंक काढली. गोळ्या वरच्या कप्प्यात आहेत. आठवण करून देऊ नका, तिची तिलाच घेऊ द्या, असं मालुबाईंनी कळवलं आहे. मला ते जमणार नाही म्हणून तुला सांगते.

मी बरोबर येणार होते. ती म्हणाली, आई, तू आलीस तर वाटेत पाच वेळा माझ्या तोंडाकडे बघशील आणि बसमधले सगळे बघायला लागतील. म्हणून एकटीच येते आहे. कंडक्टरला काय सांगायचं ते तिनं ठरवलं आहे. ती गेली की विहिरीचं, चुलीचं भय राहणार नाही असं मला वाटलं होतं. ते तिच्याबरोबर बसमध्ये बसून चाललंय.

हे पत्र पोस्टात टाकत नाही, तिच्याच हाती देते. म्हणजे तू हे वाचशील तेव्हा ती तुझ्यासमोर उभी असेल. मला मात्र उत्तर येईपर्यंत काही कळायचं नाही. लगेच उत्तर टाक, असं लिहिणार होते. ती खांद्यावरून वाचते आहे आणि म्हणते की उत्तर तीच लिहील, पोचल्यावर आधी बेळगाव बघेल आणि मग लिहील.

मी वाट बघते.

तुझी,
शालन