तीन काठ्यांचा कागूद

मुक्काम कामथडीजवळची वाडी, वार बुधवार

फुलाआक्काला सगुणाचा नमस्कार. तू, दाजी आन पोरं सुखात असाल, तुझा गुडघा बी आता वाकत असंल. हितं म्या चार दीस झोपलेली न्हाई, म्हणून अक्षर वाकडं येतंय. त्याला बाळ्या कारण न्हाई. त्यो आठ म्हयन्याचा हाय आन घरात त्योच एकटा रडत न्हाई. म्या झोपत न्हाई कारण डोळा लागला की सासूबाई माझ्या बांगड्या फोडतील. दोन्ही हात पदराखाली घेऊन भिंतीला टेकून बसते. त्या बी समोर बसत्यात.

झालं आसं. बाळ्याचा बाप पलटणीत हाय हे तुला ठाव हाय. तीन म्हयनं लढाईवरनं, तिकडं समिंदरापल्याडच्या बसऱ्याकडनं काय ख्यालीखुशाली न्हाई, आन गेल्या शनवारी सरकारी पाकीट आलं. आत चार वळींचा कागूद, समदा इंग्रजी. म्या दुसरी शिकले ती मराठीत. घरात इंग्रजी येतंय ते दिराला, ज्ञानूभावजींना. (येतंय म्हंजी, भोरच्या शाळंत ते चवथीला तीन वर्सं बसलं. तिसऱ्या वर्साला मास्तरच बदली मागून गेला.) भावजींनी हात धुतलं, टोपी घातली, कागदापाशी आलं, तवर बाळ्यानं त्यो तोंडात घातला हुता. काढला तवा शाई एकात एक झालेली. एकच शब्द धड, त्याचं बी पयलं अक्षर बाळ्याच्या पोटात. ऱ्हायल्या तीन काठ्या. पयलीच्या डोक्यावर टिकली, मागल्या दोघी मोकळ्या कपाळाच्या.

सासूबाईंना अक्षर येत न्हाई, तरी त्यांनी ते लगीच वाचलं. म्हणल्या, "म्होरं एक सवाष्ण आन मागं दोन रांडमुंड. आता वाचायचं काय ऱ्हायलंय."

भावजी म्हणले, "आये, दम धर. ह्याला इल म्हंत्यात. ह्या शेपटाचं लई शब्द हायेत, मास्तरनं वळीनं पाठ करून घेतल्यात." आन डोळं मिटून म्हणाया लागलं, बिल, पिल, किल, हिल, मिल, जसं एका शेळीच्या करडांना हाका मारत्यात. म्या इचारलं, ह्यातलं आपलं कंचं? म्हणले, "पिल. पिल म्हंजी गोळी." आक्का, पलटणीतल्या माणसाच्या कागदात गोळी निघाल्यावर काय ऱ्हातंय. सासूबाईंनी हंबरडा फोडला आन अपशकुनी म्हणून कागूद चुलीत घातला. आता कुणा शिकलेल्याकडं न्यावा तर राख न्यावी लागंल.

घटकाभरानं भावजींना आठवलं की ही गोळी बंदुकीची न्हवं, औषदाची, दवाखान्यातली. मग सासूबाई थांबल्या आन भाकरीला बसल्या. दुसऱ्या घासाला भावजींना वाटलं किल आसंल, म्हंजी ठार मारणं. घास ठिवून परत रडल्या. (म्या इचारलं, कुणी कुणाला मारलं? म्हणले, तेवढं त्या शब्दात येत न्हाई.) रविवारी हिल निघालं, म्हंजी मालक डोंगरावर. सोमवारी मिल, म्हंजी गिरणीत लागले. सासूबाई म्हणल्या, "गिरणीतच लागायचं हुतं तर मुडदा येवढ्या लांब कशापायी गेला?" त्या दिवशी रडल्या त्या गिरणीवर.

मंगळवारी सारोळ्याच्या भागूआत्या बैलगाडीनं आल्या. निरोप गेला तवा शब्द गोळी हुता, त्या दारात उतरल्या तवा गिरणी. दारातनंच गळा काढला, चांगला पाच मिन्टं, मग त्यांना कुणीतरी सांगितलं. लई चिडल्या. म्हणल्या, "मला रडाया बोलावलं का हुरडा खायाला?" भावजी म्हणले, "आत्या, वाया जायाचं न्हाई. किल अजून हायच की." तवा आत्यांनी निकाल दिला. शनवारपतुर दुसरं काय कळलं न्हाई तर सुनंच्या बांगड्या फोडायच्या आन सुतक उरकायचं, लोकं कितीदा येत्याल. सासूबाईंना शनवारपतुर दम निघंलसं दिसत न्हाई.

आक्का, ह्यातलं निम्मं लिवताना मलाच हसू येतंय, पर लई भ्या वाटतंय गं. बाळ्याकडं बघितलं की वाटतंय, ते पयलं अक्षर ह्याच्या पोटात हाय. बाप कुठं हाय ते ह्या घरात ह्या एकट्याला ठाव हाय, आन त्यो नुसता लाळ गाळतोय.

अजून कुंकू लावणारी तुझी
सगुणा

ता. क. चार बांगड्या माझ्याच हातानं फुटल्या. भावजींनी आज सकाळी विल काढलं. त्याचा अर्थ एकदा म्हणले 'होईल', एकदा म्हणले 'मृत्युपत्र'. म्या पाठीत बुक्का घातला. तुझ्या मापाच्या डझनभर हिरव्या धाड.

आणखी ता. क. आक्का, तुला वाचाया येत न्हाई हे मला हितवर आल्यावर आठवलं. तवा हे तुझ्या मालकिणीच्या घरातलं कुणीतरी वाचत असंल. तुमी दादा असा न्हाईतर बाईसाहेब असा, बुक्क्याचं मनावर घेऊ नका, म्या रोज मारत न्हाई. माझा भाऊ रायबा खडकीला पलटणीच्या कचेरीत पट्टेवाला हाय. त्याला पत्र धाडलं तर त्यो आठ दीस खिशात घेऊन हिंडतोय. तुमच्या बंगल्यात फोन हाय म्हणून आक्का सांगत हुती. फोनवर त्याला साहेबाच्या देखत उभं ऱ्हाऊन ऐकावंच लागंल. त्याला म्हणा, सगुणाच्या मालकांच्या कागदात कंचा शब्द हुता ते कचेरीत इचार आन शनवारच्या आत मोटारीनं ये. बरं असत्याल तर मराठीत सांग. नसत्याल तरी मराठीतच सांग, आन पयलं मला सांग, भावजींना न्हाई. वाचून झालं की लगीच उठा आन तेवढा रायबाला फोन करा.