दूध आणायची वेळ

२ जून, सोमवार
बायको हॉस्पिटलमधून घरी आली. उजवा पाय गुडघ्याखाली नाही. बाकी सगळं जसंच्या तसं. दारातच म्हणाली, पडदे कोणी लावलेत? उलटे लावलेत.
मी लावले होते.
घरातलं वातावरण प्रसन्न ठेवणं ही जबाबदारी माझी. रजा घेतली आहे. पाणीखात्यात हेडक्लार्क म्हणून एवढी माणसं सांभाळली, तिथे एक घर म्हणजे काय! प्लॅन तयार आहे. पलंग पुढच्या खोलीत. बाथरूमच्या भिंतीला दांडे. उशाशी घंटी. ती वाजवणार, मी हजर.
मुलीला कॉलेजची सुट्टी आहे. ती ड्रेसिंग शिकून आली आहे, म्हणून ड्रेसिंग तिच्याकडे. बाकीचं सगळं माझ्याकडे. कामाची वाटणी अशी स्वच्छ हवी.

३ जून
घंटी वाजली नाही. बिघडली की काय म्हणून जाऊन वाजवून पाहिली. वाजते. बायको म्हणाली, शाळा सुटली का?
ड्रेसिंगच्या वेळी दूध आणायला गेलो.

५ जून
दूधवाला म्हणाला, कालचं संपलं एवढ्यात? म्हटलं, घरात आजारी माणूस आहे. परत आलो तर मुलगी हात धूत होती. वेळ बरोबर साधली. म्हणजे, योगायोगाने.
जेवताना मुलगी ड्रेसिंगच्या जागेला ‘स्टंप’ म्हणाली. हा शब्द या घरात फक्त क्रिकेटसाठी वापरावा, असं मी सुचवलं. बायको म्हणाली, म्हणजे मी आऊट का? कोणीच हसलं नाही. मग तीच हसली.

९ जून
बाथरूमच्या उंबऱ्याला लाकडी उतार केला. स्वतःच्या हाताने. रिकामी चाकाची खुर्ची सोडून चाचणी घेतली. खुर्ची बादलीसकट समोरच्या भिंतीवर. मुलगी म्हणाली, बाबा, ही घसरगुंडी झाली. सुधारणा करणार आहे. आमचं बोलणं चालू असतानाच बायको कुबड्या घेऊन आत जाऊन आलीसुद्धा. घंटी न वाजवता.

१२ जून, दुपार
स्वयंपाकघरात चहा टाकत होतो. पॅसेजमधून ती आली. तिची चाल मला झोपेतही ओळखू येते. डावं पाऊल नीट पडतं, उजव्या चपलेची टाच घासत येते. टप्, फर्र. टप्, फर्र. म्हटलं, साखर घालू ना? वळून पाहिलं, पॅसेज रिकामा.
ती पुढच्या खोलीत झोपली होती. जाऊन बघून आलो.
पाइपांचा आवाज असणार. जुन्या इमारतीत येतो. या विषयातला मी जाणकार आहे.
दोन कप ओतले गेले होते. दोन्ही प्यायलो.

१५ जून
बायको पलंगाच्या कडेला बसली होती. म्हणाली, अहो, ती खुर्ची जरा सरकवा, माझ्या पायावर आलीय.
कुठल्या, असं विचारणार होतो. डावा पाय तर लांब होता. खुर्चीखाली नुसती फरशी होती. सरकवली. ती म्हणाली, हां, सुटली बोटं. आणि डोळे मिटून पडून राहिली.
डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, असं होतं, पाय गेलाय हे आतल्या नसांना अजून कळलेलं नसतं. शिकलेला माणूस आहे, बरोबरच असणार.
फक्त त्या फरशीवर मी आता पाय देत नाही. वळसा घालून जातो. उगाच कशाला?

१९ जून
निश्चय: ड्रेसिंग एकदा नीट बघून घ्यायचं. जबाबदार माणसाला सगळं माहीत हवं. आज नाही. आज डोळ्यात काहीतरी गेलंय.

२० जून
डोळा बरा आहे. पण दूध संपलं होतं. (एक पिशवी होती. पण कालची.)

२४ जून
टाके निघाले. आता तिथे रोज क्रेपची पट्टी बांधायची. नीट आकार आला की नवा पाय मिळणार. व्यायाम घेणाऱ्या बाईंनी बांधून दाखवली. बायको कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्टर, कापडाशी जन्माची ओळख. एकदाच पाहिलं आणि बाईंनाच सांगायला लागली, इथे चुणी पडतेय बघा. मुलीने बांधलेली तर तिला पसंतच पडली नाही. बाई म्हणाल्या, सुरुवातीला टोक धरायला कोणीतरी लागतं, घरातल्या अजून एकाने शिकून घ्या. माझ्याकडे बघत म्हणाल्या. मी म्हटलं, जरूर. आणि त्यांच्या चहासाठी दूध आणायला गेलो.
येताना जिन्यात पुन्हा ती चाल. माझ्या पुढे, एक वळण वर. टप्, फर्र. मी थांबलो की थांबायची. वर कोणी नव्हतं.
जिन्यातून पाइप जात नाहीत.

२ जुलै
बायको पडली. बाथरूमच्या दारात, उताराजवळ. मी तिथेच होतो. गाऊन गुडघ्याच्या वर गेला होता. ती म्हणाली, अहो, हात द्या. मी प्रसंगावधान राखून भिंतीकडे तोंड केलं आणि मुलीला हाक मारली. मुलगी बाहेर गेली होती. म्हणून शेजारणीला बोलवायला धावलो. शेजारीण दोन मजले खाली राहते.
आम्ही वर आलो तर बायको पलंगावर बसलेली. एकटी उठली होती. शेजारणीला म्हणाली, आलाच आहात तर चहा घ्या, दूध भरपूर आहे.
लागलं नव्हतं. विशेष नव्हतं.

३ जुलै
उतार काढून टाकला.

५ जुलै
रजा वाढवली. साहेबांनी फोनवर विचारलं, मिसेस कशा आहेत? म्हटलं, फार अवलंबून आहे हो माझ्यावर, घर सोडता येत नाही. पलीकडे बायको कारखान्याशी बोलत होती. कटिंगच्या टेबलाला उंच स्टूल करून देणार आहेत. कधीपासून येऊ, विचारत होती.

१० जुलै
मुलगी कॉलेजला परत गेली. बॅग भरताना म्हणाली, बाबा, आईला माहितीये. म्हटलं, काय? म्हणाली, फ्रिज उघडून बघा. हल्ली फार उद्धट झालीये.
ती गेल्यावर उघडून बघितला.

११ जुलै, सकाळ
एक चप्पल पायात घातली होती, तेवढ्यात हाक आली. या इकडे. आणि नको बाई दूध.
गेलो. पट्टीचं टोक माझ्या हातात दिलं. म्हणाली, घट्ट धरा, हे सुटलं तर सगळं सुटतं. धरलं. उत्तम धरलं. खिडकीतून ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून डोळे मिटले. ती गुंडाळत होती. कापड ओढल्याचा आवाज येत होता. मग थांबली. म्हणाली, या खिडकीत ऊन संध्याकाळी येतं हो.
तिने माझ्या हातातलं टोक काढून घेतलं, माझा हात धरला आणि नेऊन ठेवला.
गरम होतं.
मला का कोण जाणे, गार असेल असं वाटत होतं. इतके दिवस. पट्टीखाली नाडीचे ठोके लागत होते. बारीक, एकसारखे.
ती म्हणाली, दुखत नाही, दाबू नका फक्त. मग थोड्या वेळाने म्हणाली, आता डोळे उघडले तरी चालेल.
म्हटलं, उद्या.
बरं, म्हणाली. माझा हात तिथेच राहू दिला. मीही काढला नाही.
उद्या नक्की.