ताई, खोलीची किल्ली पाठव

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. तुझ्या नव्या घरमालकाचा नमस्कार नाही, त्याचं डोकं सध्या ठिकाणावर नाही. गुडघा कसा आहे? (भाडेकरूच्या तब्येतीची लेखी चौकशी करू नका, पुढे अंगाशी येते, असं वकिलांनी बजावलंय. पण तो गुडघा मी तुझ्या भाडेपावत्यांच्या आधीपासून ओळखतो, तेव्हा कळव.) इकडे सगळे ठीक, म्हणजे सगळे भाडेकरू ठीक. माझंच रक्त आटलंय.

ही इमारत घे म्हणून माझ्या मागे कोण लागलं होतं? तूच. घरातल्या घरात राहील म्हणालीस, आणि मी गाढवासारखा सगळा फंड त्यात ओतला. सही करताना जुन्या मालकाने माझे दोन्ही हात धरले आणि ढसाढसा रडला. मला वाटलं, बिचाऱ्याचा इमारतीवर जीव असेल. आता कळतंय, सुटल्याचं रडणं होतं ते! कायद्याने गोठवलेलं भाडं इतकं कमी, की सगळ्या खोल्यांचं मिळून जिन्यातला दिवा तरी येतो, नाहीतर तो लावायला शिडी तरी. गच्ची गळते म्हणून वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंनी तगादा लावला, तेव्हा माणूस परवडेना म्हणून डांबराचा डबा घेऊन मी स्वतः चढलो. त्या छत्री धरून उभ्या राहिल्या आणि डावीकडचा कोपरा राहिला म्हणून पुन्हा करायला लावला. (केला. काय करतो?)

हे सगळं मी का सोसतोय, तुला माहीत आहे. तुझा भाचा आणि सून वर्षभर माझ्या बाहेरच्या खोलीत कपाट आडवं लावून त्यामागे झोपतात. सून बांगडी वाजू नये म्हणून काढून ठेवते. तिला काही म्हणायचं असलं तर ती नवऱ्याला चिठ्ठी लिहिते, एवढं आमचं घर मोठं! मला फक्त एक खोली हवी होती. आणि साऱ्या इमारतीत रिकामी खोली एकच, तुझी. गुडघ्याचं ऑपरेशन झालं की येते म्हणून लेकाकडे गेलीस ती गेलीसच, आणि किल्ली कमरेला.

फार दिवस वापर नसला तर भाडेकरूचा हक्क जातो, असं वकील म्हणाले. म्हणून मी दावा लावला. सख्ख्या बहिणीवर, हो! त्यावर तुझ्या त्या लाडक्या शेजाऱ्याने, शिंप्याने, काय करावं? खोलीत माणूस राहतंय असं दिसावं म्हणून तुझ्या गॅलरीतल्या दोरीवर रोज कपडे वाळत घालायला लागला. बरं, कपडे तरी तुझ्या वयाला शोभणारे घालावेत त्याने! गिऱ्हाइकांनी न नेलेले जे हाताला लागेल ते. एकदा तान्ह्या बाळाची झबली. एकदा कुणा पहिलवानाची विजार. सोमवारी तर बँडवाल्याचा लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर! मी विचारलं, हा कोणाचा? ताईंचाच की, म्हणाला, आणि डोळ्याला डोळा भिडवून बटण लावत राहिला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणि नोटिशीच्या पोचपावतीवर तू सहीखाली ‘चिरंजीवास आशीर्वाद, बारीक झाला असशील’ असं लिहून पाठवलंस, ते वकिलांनी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. तुझी लाजलज्जा कुठे गेली? की माझी थट्टाच मांडली आहे सगळ्यांनी?

तर आता शेवटचं ऐक. उद्या कोर्टाचा अधिकारी खोली पाहायला येतोय. धूळ पाहील, कुलूप पाहील, लिहून नेईल. त्याआधी तू आपणहून किल्ली दिलीस तर ठीक, नाहीतर माझ्यापुरतं नातं संपलं. लहानपणी तू मला कडेवर घेऊन फिरायचीस वगैरे आता काढू नकोस, मी विरघळणारा नाही.

तुझा (कोर्टात ‘वादी’ म्हणतात तो) भाऊ

ता. क. पत्र टाकायचं राहिलं. अधिकारी येऊन गेला. काचेला नाक लावून बघितलं आणि म्हणाला, बंदच दिसतेय, तसं लिहू ना? माझ्या तोंडाला काय झालं कोण जाणे, मी म्हणालो, छे हो, बहीण राहते, बाजारात गेलीय. वकिलांनी कपाळाला हात लावला. मास्तरीणबाई म्हणाल्या, आत्ताच गेल्या, मी पिशवी दिली. अधिकारी पंधरा दिवसांनी पुन्हा येणार आहे, तुला भेटायलाच.

ता. क. २ खरं सांगतो, काल रात्री, वरचं पत्र लिहून झाल्यावर, तुझ्या लेकाला फोन केला होता. आई मजेत आहे, तिला परत यायचंच नाही, म्हणाला. तेवढ्यात मागून तुझा आवाज आला, कोणाचा रे फोन? तो तुला म्हणाला, राँग नंबर. मी ते ऐकलं, ताई. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

तेव्हा किल्ली पाठवू नकोस, घेऊन ये. दावा मी मागे घेणार नाही, वकिलांना पैसे दिलेत. तूच ये, तुझ्या खोलीत राहा, आणि मला हरव.