डमीतला श्वास

प्रिय मामा,

प्रिय आपलं सवयीनं लिहिलं.

वर्गात सगळ्यांसमोर उभं राहून वाचायची मला भीती वाटायची, म्हणून मी शाळा सोडली. तेव्हा तूच म्हणालास, "माझ्या स्टुडिओत ये. काचेआड कोण बघतंय तुला?" मग तुझ्या प्रत्येक गाण्याची डमी मी गायले. नावाजलेल्या गायिकाबाईंनी ती ऐकून चाल शिकायची, त्या गायल्या की माझा आवाज पुसायचा, असं ठरलेलं.

काल तुझं नवीन गाणं रेडिओवर लागलं. अंतऱ्याआधी मी घाबरून जोरात श्वास घेतला होता, तो तसाच ऐकू आला. म्हणजे बाई गायल्याच नाहीत. नाव मात्र त्यांचंच सांगितलं.

आई भांडी घासता घासता थांबली. म्हणाली, "बघ, याला म्हणतात गाणं! नाहीतर तू, नुसती पुटपुटतेस." मी मान डोलावली. तिचा भाऊ चोर आहे, हे तिला कुठल्या तोंडानं सांगू?

उद्या परत डमीला बोलावलंयस. हे पत्र तुला मिळणार नाही. तुला आईचा निरोप मिळेल, की पोरीचा घसा बसलाय.

घसा ठणठणीत आहे, मामा.

तुझी,
काचेआडची भाची