गालिच्याखालच्या फळ्या

प्रिय मॅलकी,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून पत्र शेगडीत टाकलं नसशील, तर बसून वाच. भांडायला लिहीत नाही. तेवढा जीवच उरलेला नाही.

इथं एनिस गावी आपल्या घरात आठवडाभर सुताराची ठोकाठोक चाललीय. बाथरूमची जमीन कुजली. एकाहत्तराव्या वर्षी मी टॉवेल घेऊन शेजारी मिसेस हेहिरकडे अंघोळीला जाते, आणि ती दारातच विचारते, "आज केससुद्धा का, अट्रॅक्टा?" जणू गरम पाण्याचा शोध हिच्याच बापानं लावला!

सुतार मॉसी, फाटक्या तोंडाचा. आल्या आल्या म्हणाला, "बाथरूममध्ये गालिचा? ही कुणाची अक्कल?" म्हटलं, "माझी. हिवाळ्यात पाय गारठतात. तू आपलं काम कर." त्यानं गालिचा उचलला, तर खाली अळंबी उगवलेली. फळीत पेचकस खुपसला तो लोण्यात सुरी जावी तसा मुठीपर्यंत गेला. टबाच्या निचऱ्याचा सांधा ठिबकत होता. किती दिवस, विचारलं. "दिवस? पंधरा वर्षं म्हणा, बाई." आणि तो टब बसवणारा प्लंबर मीच शोधून आणला होता.

कॉन्व्हेंटात सिस्टर बेनिग्नस म्हणायच्या, बारीकसारीक पापं आधी सांगत बसते ती मुलगी मोठं लपवते. तेव्हा आता मोठं सांगते.

टबाच्या कडेला एक फळी तुळईवरून सुटून तीन बोटं खाली गेलीय. "इथं पाऊल पडलं की धडधाकट माणूससुद्धा आडवा होईल," मॉसी म्हणाला. त्याला काय माहीत, आपली मॅमी तिथंच पडली होती. त्या रविवारी तू तिला टबातून बाहेर घेत होतास. खुबा मोडला, आणि सहा आठवड्यांत ती गेली. दफनानंतर, घर माणसांनी भरलेलं असताना, हातात सँडविचचं ताट घेऊन मी तुला म्हटलं, "म्हातारीचा हात क्षणभर धरवला नाही तुला!" तू एवढंच म्हणालास, "धरला होता, अट्रॅक्टा." कोट घेतलास आणि कॉर्कला गेलास. त्याला सहा वर्षं झाली.

त्याआधी मॅमी मला दोनदा म्हणाली होती, "अगं, तिथं पायाखालची जमीन हलते." मी म्हटलं, "जमीन नाही मॅमी, तुझे गुडघे हलतात." हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. फादरनासुद्धा नाही.

मॉसीला उद्या नव्या फळ्या ठोकायच्या होत्या. मी त्याला शनिवारपर्यंत थांबवलंय. चिडलाय, चिडू दे. तू ये आणि त्या खचलेल्या फळीचं भगदाड स्वतःच्या डोळ्यांनी बघ. मग मला काय हवं ते बोल, मी मध्ये तोंड उघडणार नाही. एकदा ते बुजलं की तुझ्यापाशी फक्त माझा शब्द उरेल, आणि माझ्या शब्दांनी तुझं काय केलं ते मला ठाऊक आहे.

तुझीच, तुझ्या बसची वाट बघणारी,
अट्रॅक्टा