तपासणीपुरती सेविका

३ मार्च, सोमवार

तोफ काल बाथरूममध्ये पडली! तोफ म्हणजे माझ्या खोलीतली सोबतीण — कुजबुजली तरी फाटकापर्यंत ऐकू जातं. घंटा दाबून दाबून बोट दुखलं म्हणे. येणार कोण? अठरा म्हातारे आणि सेविका एक. ती बिचारी वरच्या मजल्यावर कुणाला तरी भरवत होती. शेवटी मीच ओढून काढली. हाडं शाबूत. जीभ तर त्याहून!

साहेबांना सांगितलं. साहेब म्हणजे या वृद्धाश्रमाचे मॅनेजर — आणि माझा धाकटा. "आई, माणसं मिळत नाहीत गं." धड पगार दे, मिळतील!

माझी घंटा मी कधीच दाबत नाही. लोक म्हणतील, मॅनेजरच्या आईचे काय ते लाड. आणि खरं सांगायचं तर — दाबली आणि कुणी आलंच नाही तर?

५ मार्च, बुधवार

गंमतच! शुक्रवारी तपासणी. नियमाने तीन सेविका हव्यात. साहेब निळा एप्रन घेऊन दारात उभे. "तासभरच गं आई. तू अजून खुटखुटीत आहेस." दुसरा एप्रन स्वयंपाकीणबाईंना.

हो म्हटलं. इतक्या पटकन, की तो घाबरलाच.

६ मार्च

तोफेशी खलबत. जास्त लिहीत नाही.

७ मार्च, शुक्रवार

तपासणीच्या बाई आल्या. "किती वर्षं झाली सेवेत?"

"बेचाळीस," म्हटलं. खोटं कुठे? साहेबांचं वय तेवढंच! साहेब छताकडे बघायला लागले.

तेवढ्यात घंटा. "अगं, उचला मला कुणीतरी!" — तोफ डागली, ठरल्याप्रमाणे. मी धावले, बाई मागोमाग. उचलायला वाकले आणि — हे मात्र ठरलेलं नव्हतं — कंबर धरली! मीही तिच्या शेजारी आडवी. दोघी खो खो हसतोय.

"आता तुम्हाला कोण उचलणार?" बाई म्हणाल्या.

"माझ्या लेकाला विचारा," म्हटलं आणि साहेबांकडे बोट दाखवलं.

१० मार्च

हुकूम आला. महिन्याभरात दोन सेविका नेमा. तोवर मॅनेजरने स्वतः सेविकेचं काम करायचं. साहेब माझ्याशी बोलत नाहीत. लहानपणी फुगायचा, तसाच फुगलाय. वाईट वाटतंय मला. पण तोफ फरशीवर पडलेली पाहिली, तेव्हा याहून जास्त वाटलं होतं.

१२ मार्च

आज माझी घंटा दाबली. पहिल्यांदाच.

धावत आला. एप्रन उलटा, हाताला साबण. "काय झालं आई?"

"काही नाही रे. येतोस का, बघत होते."